होडीतून दिलेली हाक

झेडॉक ट्रुइट चाकूच्या टोकानं नखांतलं डांबर काढत बसला होता. डावा हात झाला, उजव्याचा अंगठा झाला, पण तर्जनीपाशी चाकू अडला. तिथलं डांबर कातडीतच जिरलं होतं. त्याची बहीण सॅब्रा चुलीपाशी उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं चरबीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"आधी चरबी चोळ. नुसतं खरवडशील तर रक्त काढशील."

"बायबलवर हात ठेवायचाय. काळा हात बरा दिसत नाही."

"हात काळा असला तर चालेल," सॅब्रा म्हणाली. "तोंडातून काय निघतं ते सांभाळ."

झेडॉकनं चरबी चोळली. बाहेर नोव्हेंबरचं फिकट ऊन पडलं होतं आणि वारा वायव्येचा होता. हे त्याला खिडकीतून न बघताही कळलं. झोपेत कूस बदलतानाही त्याला वाऱ्याची दिशा कळायची आणि या गोष्टीचा त्याला अलीकडे फार वैताग यायला लागला होता. माणसानं झोपावं तर धड झोपावं.

"लेविन कुठाय?"

"कोट चढवतोय. एक कोट चढवायला त्याला अर्धी सकाळ लागते." सॅब्रानं मक्याच्या पावाचा तुकडा तोडून त्याच्या ताटात टाकला. "झेडॉक, एक विचारू?"

"नको."

"तू हाक दिली होतीस का?"

झेडॉकनं पाव कॉफीत बुडवला. जास्त वेळ बुडवल्यामुळे तो मोडून खाली पडला आणि मग तो चमच्यानं काढण्यात बराच वेळ गेला. सॅब्रा उत्तराची वाट बघत उभी राहिली. ती त्याच्याहून इतकी लहान होती की आई गेल्यावर तिची वेणी त्यानंच घातली होती. त्यामुळे तिच्यापुढे खोटं बोलायचं झालं की त्याला तोंडात काहीतरी भरावं लागे.

"माझ्या घरात तीन पोरं आहेत," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेव, म्हणजे झालं."

ती गेल्यावर झेडॉकनं नखं परत पाहिली. चरबीनं ती चकचकीत झाली होती, पण होती तेवढीच काळी.

लुईस गावात निम्मी घरं पायलटांची. समुद्रावरून आलेल्या जहाजाला उपसागरातले वाळूचे पट्टे चुकवत वर नदीतल्या शहरापर्यंत न्यायचं, तिथून निघालेल्या जहाजाला खाली भूशिरापर्यंत आणून सोडायचं, आणि मग आपल्या होडीत उतरून घरी यायचं, हा त्यांचा धंदा. झेडॉकच्या बापानं तो केला, झेडॉकनं केला. बापाच्या काळी जहाज दिसलं की होडी घेऊन पळायचं, खालून ओरडून भाव करायचा आणि वादळ असेल तर भाव चढवायचा. शुद्ध लूटच होती ती. स्वातंत्र्याची लढाई संपली, नवं सरकार आलं, आणि राज्यानं कायदा केला. मंडळ नेमलं, परीक्षा ठेवली, परवाने दिले. जहाज किती फूट पाण्यात बसतं त्यावर दर बांधून दिला. जी होडी जहाजाला पहिली हाक देईल तिच्या पायलटाला घ्यायचं. नाही घेतलं तरी कप्तानानं अर्धे पैसे मोजायचे. झेडॉकला कायद्याचा राग नव्हता. उलट दर जहाजाशी घासाघीस संपली म्हणून त्याला बरंच वाटलं होतं. तो एवढंच म्हणायचा, की आता सरकार जहाजाप्रमाणे माणसालाही दोरी लावून बघेल, कोण किती पाण्यात आहे ते.

आणि त्याच कायद्यात ते एक कलम होतं. खाली आणून सोडलेल्या जहाजावरून पायलटाला उतरवून घेता आलं नाही आणि जहाज त्याला तसंच परदेशी घेऊन गेलं, तर तो घरी परतेपर्यंतचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, जहाजाच्या मालकानं द्यायचा. मात्र पायलट आपल्या मर्जीनं गेलेला नसावा. मर्जीनं गेला असेल तर रोजही नाही आणि परवानाही नाही.

लेविन लोफलंड, सॅब्राचा नवरा, जानेवारीत 'पेशन्स' नावाचं जहाज खाली घेऊन आला आणि त्याच जहाजानं स्पेनला गेला. परत आला ऑक्टोबरात.

त्या दुपारी झेडॉक त्याला आणायला गेला होता. सोबत वल्ह्यावर म्हातारा पर्नेल होता. पर्नेल पुढे उन्हाळ्यात तापानं गेला, म्हणजे त्या दुपारचा साक्षीदार म्हणावा असा या किनाऱ्यावर आता झेडॉक एकटाच उरला होता. थंडी होती, लाट होती, पण जानेवारीत असते तेवढीच. त्याच दुपारी दुसऱ्या होड्यांनी आपले दोन पायलट दुसऱ्या जहाजांवरून सुखरूप उतरवून घेतले होते, दीपगृहाच्या राखणदारानं ते पाहिलं होतं.

जहाजावरून होडीत उतरण्याची एक रीत असते. दोराच्या शिडीला लोंबकळणाऱ्या माणसाला पायाखालची लाट दिसत नाही. ती होडीतल्याला दिसते. म्हणून वरच्यानं शेवटच्या पायरीवर यायचं आणि थांबायचं. होडीतला माणूस लाट बघतो, होडी वर चढते, आणि तो ओरडतो, 'ये!' 'ये' म्हटलं की हात सोडायचे. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्यांच्या कबरी गावच्या चर्चमागे आहेत, आणि त्यांतल्या काही रिकाम्या आहेत.

झेडॉकनं होडी जहाजाला लावली. लेविन शिडीवर आलाच नाही, तो कठड्यापाशी उभा होता. झेडॉकनं हाक दिली. लेविननं खाली पाहिलं. होडी मागे गेली, झेडॉकनं वळवून परत लावली, परत हाक दिली. तिसऱ्यांदाही दिली. तेव्हा लेविननं उजवा हात वर केला, तळवा पुढे करून, सावकाश. भ्यालेला माणूस असा हात करत नाही. दारात सोडायला आलेल्याला आपण म्हणतो ना, 'बरं, तू नीघ आता,' तसा तो हात होता. मग लेविन वळला आणि कठड्यावरून दिसेनासा झाला.

पर्नेल वल्हं टाकून तोंड उघडं ठेवून बसला होता.

"वेडा झाला काय हा?" त्यानं विचारलं.

झेडॉकनं होडी किनाऱ्याकडे वळवली. त्याला राग यायला हवा होता, आणि नंतर तो आलाही. पण त्या क्षणी जे आलं ते काही वेगळंच होतं, आणि त्याचं नाव घ्यायला तो नंतरचे नऊ महिने तयार नव्हता.

त्या नऊ महिन्यांत त्यानं एकट्यानं धंदा ओढला. भाड्याचे हात लावले, सॅब्राच्या घरात पीठ आणि खारवलेलं मांस टाकलं, भाच्यांचे जोडे शिवून घेतले. खरं तर लेविनला परवाना मिळाला की आपण थांबायचं, असं त्यानं कधीचं ठरवून ठेवलं होतं. बायको होती तेव्हा तिलाही तसं सांगितलं होतं. लेविनला परवाना मिळून चार वर्षं झाली. बायको गेली. झेडॉकचे गुडघे होडीत बसताना एकदा आणि उठताना एकदा कुरकुरत, पण थांबायचं काही जमलं नाही. दर वेळी सॅब्रा म्हणायची, लेविनचा हात अजून बसलेला नाही, हा हिवाळा तेवढा काढ.

लेविन दारात येऊन उभा राहिला. कोट त्याला सैल झाला होता. स्पेनहून तो वाळून आला होता, पण चेहऱ्यावर एक प्रकारची टवटवी होती आणि ती गावात आल्यापासून रोज थोडी थोडी उतरत होती.

"निघायचं?" तो म्हणाला.

दोघं वाळूच्या रस्त्यानं खानावळीकडे चालू लागले. मंडळाचे दोन वॉर्डन शहरातून मुद्दाम खाली आले होते आणि खानावळीच्या माडीवर बसणार होते. रस्त्यात कालवांच्या शिंपल्यांचा ढीग होता आणि त्यावर समुद्रपक्षी भांडत होते.

"झेडॉक," लेविन म्हणाला. "माझ्यासाठी काही करू नकोस."

"काय करणार मी?"

"जे झालं ते सांग. तू काय पाहिलंस, काय ओरडलास, सगळं. मी तुझ्यावर रागावणार नाही."

"ते तू सांग की. तोंड तुलाही आहे."

लेविननं मान खाली घातली. "माझ्याच्यानं होणार नाही. सॅब्रा समोर बसलेली असेल."

झेडॉकनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा प्रामाणिक आहे, असं त्याला क्षणभर वाटलं. मग वाटलं, प्रामाणिक नाही, हा फक्त थकलाय. आणि हा थकवा त्याच्या इतका ओळखीचा होता की त्यानं नजर काढून घेतली.

माडीवर सफरचंदाच्या दारूचा आंबूस वास होता. लांब टेबलामागे दोघे वॉर्डन बसले होते. त्यांतले थोरले ऑग्डेन म्हणून होते, पांढऱ्या भुवयांचे, सर्दीनं बेजार झालेले गृहस्थ. बाजूला जहाजमालकाचा मुखत्यार पेनिमन. भिंतीशी बाकावर सॅब्रा मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. आणखी आठदहा पायलट टोप्या हातात घेऊन मागे उभे होते, कारण आज हे प्रकरण लेविनचं असलं तरी उद्या कोणाचंही असू शकलं असतं.

पेनिमननं कप्तानाची जबानी वाचली. कप्तान स्वतः समुद्रावर होता. "होडी जहाजाला चांगली लागली होती, एकदा नव्हे, तीनदा," पेनिमन ठासून वाचत होता. "पायलटानं हात वर करून होडीला परत जाण्याची खूण केली. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, आपण चला." त्यानं कागद खाली ठेवला. "आता यापुढे काय बोलायचं? स्वारी आमच्या खर्चानं स्पेन बघून आली. वर रोज मागते आहे."

मागे कोणीतरी हसलं. सॅब्रा हलली नाही.

"मिस्टर लोफलंड," ऑग्डेन म्हणाले, "तुम्ही हात वर केलात?"

"केला."

"का?"

लेविननं ओठ ओले केले. "साहेब, उतरायचं की नाही हे वरचा माणूस ठरवत नसतो. होडीतून हाक यावी लागते. आली नाही, तर हात करून होडीला परत पाठवायचं, उगाच त्यांचे जीव कशाला घालवायचे. ही आमची रीत आहे."

"म्हणजे हाक आली नाही?"

लेविननं बाकाकडे पाहिलं. खोलीत कोणाच्या तरी बुटाखाली फळी करकरली.

"ते झेडॉकला विचारा," तो शेवटी म्हणाला. "हाक त्यानं द्यायची होती."

झेडॉकला आता लेविनचा खरोखरच राग आला. शिडीपाशीही याला दुसऱ्याच्या तोंडाची गरज, इथेही. तो पुढे गेला, बायबलवर हात ठेवला. काळी तर्जनी पुस्तकाच्या कातडी बांधणीवर उठून दिसत होती.

"मिस्टर ट्रुइट, समुद्र कसा होता?"

"ठीक होता, साहेब."

पेनिमननं लगेच मान डोलावली. मागे पायलटांत कुजबुज झाली. एवढं एक वाक्य वेगळं बोलला असता, तर निम्मं काम झालं असतं. पण दीपगृहाच्या राखणदाराची जबानी टेबलावर होती आणि झेडॉक काही खुळा नव्हता.

"होडी लागली होती?"

"लागली होती."

"तुम्ही हाक दिलीत?"

जिना चढताना झेडॉकनं ठरवलं होतं, जे झालं ते सांगायचं. निदान तो स्वतःला तसं बजावत होता. तोंड उघडण्याआधी त्यानं बाकाकडे पाहिलं. सॅब्राचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. मग त्यानं लेविनकडे पाहिलं. लेविनच्या शर्टाच्या गळ्यातून मेणकापडाच्या पिशवीची दोरी दिसत होती. परवाना तिच्यातच असतो, आणि तो कायम गळ्यात ठेवायचा असतो. झेडॉकच्याही गळ्यात तशीच पिशवी होती. दोरी घामानं कडक झालेली, आणि मानेवर तिचा वळ.

"नाही," झेडॉक म्हणाला. "हाक दिली नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"समुद्र ठीक, होडी लागलेली, आणि तुम्ही हाक दिली नाही?" ऑग्डेननी रुमाल नाकापासून दूर केला. "का?"

"लाट कळेना मला. होडी वर चढतेय की उतरतेय, त्याचा अंदाज येईना. चुकीच्या वेळी हाक दिली असती तर पोरगा दोन लाकडांच्या मधे चिरडला असता. म्हणून गप्प राहिलो." तो थांबला. "माझा हात आणि डोळा आता पूर्वीसारखा राहिला नाही, साहेब."

मागची कुजबुज बंद झाली. तिथे उभ्या असलेल्यांपैकी तिघांना झेडॉकनंच धंदा शिकवला होता. ते आता आपापल्या टोप्यांकडे बघत होते.

पेनिमन उठला. "मग दोष होडीचा झाला! जहाजानं पैसे का द्यायचे?"

"नियम एवढंच विचारतो, की पायलट आपल्या मर्जीनं गेला का," ऑग्डेन म्हणाले. "होडीत कोणाचा हात कच्चा होता, हे तो विचारत नाही." ते शेजारच्या वॉर्डनशी दोन शब्द बोलले आणि मग झेडॉककडे वळले. आवाज मऊ होता. "मिस्टर ट्रुइट, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? त्या दिवशी ताप होता? हात बधिर झाला होता? एखाद्या दिवसाची गोष्ट असली तर आम्ही समजू शकतो."

"नाही, साहेब. रोजचंच आहे."

"मग आमचा इलाज नाही. आपल्या माणसाला जो उतरवून घेऊ शकत नाही, त्याच्याकडे परवाना ठेवता येणार नाही. होडीचं सुकाणूही धरता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

झेडॉकनं पिशवीची दोरी डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. गाठ कानापाशी अडली. शेवटी त्यानं खिशातला चाकू काढून दोरी कापली आणि पिशवी टेबलावर ठेवली. मान हलकी वाटली. इतकी हलकी, की हात आपोआप तिथे गेला.

लेविनला रोज मंजूर झाला. परवाना कायम राहिला. सॅब्रा उठली, आणि सगळ्यांदेखत झेडॉकच्या कोटाच्या बाहीला दोन्ही हातांनी धरून रडली. हे तिनं आईच्या वेळीही केलं नव्हतं. लेविन मात्र जागच्या जागी उभा होता. कोणीतरी त्याची पाठ थोपटली, कोणी म्हणालं, सुटलास बाबा.

खानावळीच्या मागे, जिथे पिंपं रचून ठेवली होती, तिथे त्यानं झेडॉकला गाठलं.

"तू हाक दिली होतीस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तीनदा. मी ऐकली होती."

"मग आला का नाहीस?"

इतक्या दिवसांत झेडॉकनं हे पहिल्यांदा विचारलं. लेविननं एका पिंपावर हात ठेवला आणि पिंपाशीच बोलल्यासारखा बोलू लागला.

"खाली तुम्ही दोघं दिसलात. थंडीनं निळे पडलेले. मला वाटलं, आता उतरायचं, घरी जायचं, कपडे वाळत घालायचे, आणि ते वाळायच्या आत परत दुसरं जहाज. रोज लोकांना दारापर्यंत पोचवायचं आणि आपण मागे फिरायचं. माझ्या हातून दोर सुटला नाही, झेडॉक. सुटायला हवा होता, हे कळत होतं. पण नाही सुटला."

"आणि स्पेनमध्ये?"

"एका पिंपवाल्याकडे राहिलो. फळ्या तासायच्या, वाकवायच्या, कडं ठोकायचं. संध्याकाळी जी फळी जिथे ठेवली, ती सकाळी तिथेच असते. इथल्या वाळूसारखी रात्रीतून सरकत नाही." तो हसला, पण ते हसणं धड उमटलं नाही. "पोरांसाठी परत आलो. सॅब्रानं रोजाचा अर्ज करायला लावला, तेव्हा म्हटलं, मंडळ परवाना काढून घेईल. मग सॅब्राला सांगायला तोंड राहील, की बाई, आता माझ्या हातात काही नाही, चल, किनारा सोडून आत कुठेतरी जाऊ, पिंपांचं दुकान टाकू. मी आपणहून परवाना सोडला तर ती मला सोडेल. तिच्या बापाचा धंदा आहे हा. तुला मी सकाळी सांगितलं होतं ना, जे झालं ते सांग म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग का केलंस असं? कोणी मागितलं होतं तुझ्याकडे?"

झेडॉकनं मानेवरचा वळ चोळला. उत्तर त्याला माहीत होतं. ते लेविनला आज ना उद्या कळेल, असंही त्याला वाटलं. पोरगा मंद नव्हता.

"थंडी वाजतेय," तो म्हणाला. "सॅब्रानं कालवं शिजवलीयत. चल."

त्या रात्री वारा फिरला. ईशान्येला गेला आणि पहाटेपर्यंत चांगला चढला. झेडॉकला ते कळलं नाही. तो उन्हं खिडकीत येईपर्यंत झोपला, आणि उठल्यावर थोडा वेळ आपण कुठे आहोत हेच त्याला उमजेना. बाहेरून माणसांची धावपळ ऐकू येत होती. समुद्रावर शीड दिसलं असणार. झेडॉकनं सावकाश मोजे चढवले. मग उठून, कोट खांद्यावर टाकून, तो घरासमोरच्या वाळूच्या उंचवट्यावर गेला.

शीड खरंच होतं, दूर, भूशिराच्या बाहेर. मोठं जहाज, खोल बसलेलं. वरच्या अंगाला दुसऱ्या एका घरातली होडी पाण्यात ढकलली जात होती. पहिली हाक कोणाची, याची शर्यत होती. लेविननं आपली होडी लाटांच्या पांढऱ्या पट्ट्यात आणून धरली होती. वल्ह्यावर जॉब नावाचा भाड्याचा गडी होता, दणकट आणि तितकाच नवखा. किनाऱ्यालगतची वाळू ईशान्येच्या वाऱ्यात कशी वागते, हे दोघांपैकी कोणालाही नीट माहीत नव्हतं. जाता येत होतं. पण सोपं नव्हतं.

सॅब्रा कॉफीचा पेला घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं काल मिळालेल्या निकालाच्या आनंदात डोक्याला नवा रुमाल बांधला होता. "बघ, कसा लगेच निघाला," ती म्हणाली. "सुधारलाय तो. तुला सांगते, सुधारलाय."

लेविननं मागे वळून पाहिलं. होडीत मागे, सुकाणूपाशी, झेडॉकची जागा रिकामी होती. मंडळाचे वॉर्डन भल्या सकाळीच गाडीत बसून शहराकडे निघाले होते. इथे वाळूवर उभं असलेलं कोणीही चाडी करणारं नव्हतं, हे लेविनला ठाऊक होतं आणि झेडॉकलाही.

लाट आली, होडी वर चढली.

"ये!" लेविन ओरडला.

झेडॉक जागचा हलला नाही. होडी खाली गेली. लेविननं तिला कशीबशी थोपवून धरलं, जॉबनं वल्हं टेकलं, आणि ती पुन्हा चढली.

"झेडॉक! ये!"

तिसरी हाक वाऱ्यात अर्धी विरली, पण कळली. तिच्यात विनवणी होती, आणि आता थोडी समजही.

झेडॉकनं उजवा हात वर केला. तळवा पुढे करून, सावकाश. क्षणभर तसाच ठेवला आणि खाली घेतला.

होडीतून लेविन त्याच्याकडे बघत राहिला. मग पुढची लाट आली, आणि कोणाची वाट बघायला वेळ उरला नाही. त्यानं सुकाणू धरलं. होडी पांढऱ्या पट्ट्यात आडवी झाली, सावरली, आणि बाहेर पडली.

सॅब्रा समुद्राकडे बघत नव्हती. ती झेडॉकच्या हाताकडे बघत होती, त्या काळ्या बोटाकडे. काल माडीवर पेनिमननं वाचलेलं तिनं सगळं ऐकलं होतं. हातातला पेला तिनं अजून त्याला दिला नव्हता.

"असाच?" तिनं विचारलं.

झेडॉकनं पेला तिच्या हातातून घेतला. त्याला खोटं बोलायचं असतं तर तोंडात घालायला कॉफी होती. पण तो प्यायला नाही.

"असाच," तो म्हणाला, आणि घराकडे वळला.